अस्तर १३ मिलिमीटर; पिशवी काढावी का?

प्रश्न : मी ३६ वर्षांची. अशोक चौकाजवळ राहते, घरी ब्लाउज शिवते. दोन मुलं आहेत. पाळी २८-३० दिवसांनी येते, चार दिवस असते, त्रास नाही. लघवीला जळजळ आणि ओटीपोटात दुखत होतं म्हणून २२ सप्टेंबरला सोनोग्राफी केली. गोळ्यांनी दुखणं थांबलं, पण रिपोर्टात गर्भाशयाचं अस्तर १३ मिलिमीटर आलंय. दाखवलं तिथं म्हणाले, 'अस्तर जाड झालंय, पिशवी काढून टाका.' जाऊबाईंचीही काढलीय. सासूबाई ५८ वर्षांच्या, त्या नको म्हणतात. त्यांची पाळी सहा वर्षांपूर्वी गेली. मागच्या महिन्यात दोनदा डाग पडला, तो उष्णतेनं, असं त्या म्हणतात. मी काय करू?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, या रिपोर्टवरून पिशवी काढू नका. झेरॉक्सच्या मागे तुम्ही पेनानं पाळीच्या तारखा लिहून पाठवल्यात, २८ ऑगस्ट आणि २६ सप्टेंबर, हे फार चांगलं केलंत. कारण रिपोर्टात शेवटच्या पाळीच्या तारखेची जागा कोरीच आहे, आणि त्या तारखेशिवाय १३ या आकड्याला काही अर्थ नाही.

ब्लाउजचं अस्तर एकदा लावलं की झालं. हे अस्तर दर महिन्याला नव्यानं तयार होतं. पाळी संपते तेव्हा ते दोन-चार मिलिमीटरच उरतं. तळाचा थर गळत नाही, त्यातूनच नवं वाढतं. बीजांडकोशातलं इस्ट्रोजेन ते वाढवतं. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन त्याला मऊ, रसदार करतं, गर्भ रुजावा म्हणून. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन्स उतरतात आणि अस्तर गळून पडतं, तीच पाळी. तुमची सोनोग्राफी २६व्या दिवशी झाली, पाळीच्या चार दिवस आधी. तेव्हा ते जाडच असायला हवं. तुमच्या वयात १३ हा त्या दिवसाचा नेहमीचा आकडा आहे.

बीजच सुटत नसेल, तर प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, अस्तर वाढतच राहतं आणि पाळी लांबून मग धो-धो जाते. त्याची तपासणी लागते, पण त्यावरही बहुधा आधी गोळ्या किंवा हार्मोनची तांबी असते. 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते आणि रोज जिवाला लागतं. बीजांडकोश ठेवले तरी पिशवी काढल्यावर पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होऊ शकतात.

तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती सासूबाईंच्या डागाची. पाळी गेल्यावर एक थेंबही उष्णतेवर घालवायचा नाही. या वयात अस्तर पातळ असतं. डाग पडलाय आणि ते चार मिलिमीटरपेक्षा जाड निघालं, तर बारीक नळीनं आतला तुकडा घेऊन तपासावा लागतो. बऱ्याचदा साधा कोरडेपणाच निघतो. पण कधी अस्तराचा कर्करोग असतो, आणि तो सुरुवातीलाच असा डाग दाखवतो, म्हणून वेळेवर सापडून बराही होतो. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. याच आठवड्यात, तुम्ही स्वतः सोबत जाऊन.