नवी एसएसडी बसवल्यावर डी ड्राइव्ह एफ झाली आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. डिस्क गेली का?

बहुतेक गेलेली नाही. मात्र 'फॉरमॅट करायची का' असं विंडोजनं विचारलं तर रद्द करा. आणि कोणी "विंडोज नव्यानं टाकून देतो" म्हणाला तर त्याला कॅबिनेटला हात लावू देऊ नका. एवढं ठासून सांगतोय कारण आमचं पुरं नुकसान झालंय.

बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावती पुस्तकं, मराठी आणि कन्नड दोन्ही. २०१६ चा पावसाळा, गणपती तोंडावर आलेले, आणि रात्रभर लाइट नव्हती. सकाळी दादानं मशीन चालू केलं तर घड्याळ २००९ सालच्या १ जानेवारीवर, आणि काळ्या पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसल्याचा मेसेज. मी पत्रिका पोचवायला खानापूरला गेलेलो. फोनवर म्हटलं, "दादा, तारीख मागं गेलीय म्हणजे सेल उतरलाय. मी येईस्तोवर हात लावू नको." तो म्हणाला, "तू येईस्तोवर गिऱ्हाईक थांबतंय होय?" आणि कॅबिनेट उचलून एका दुरुस्तीवाल्याकडं नेलं.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता, बाकी काही नाही. लाइट पूर्ण गेल्यावर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या, कुठल्या डिस्कवर आधी विंडोज शोधायचं तो बूटचा क्रम बदलला आणि मशीन आमच्या कामाच्या १ टीबीच्या डिस्कवर विंडोज शोधत बसलं. दोन मिनिटांत क्रम परत लावता आला असता. त्या माणसानं सरळ नवं विंडोज टाकायला घेतलं. इन्स्टॉलर यादी दाखवतो डिस्क ०, डिस्क १ अशी. हे आकडे केबल कुठल्या पोर्टला आहे आणि कुठली डिस्क आधी ओळखली गेली यावर पडतात, सी, डी या ड्राइव्हच्या अक्षरांशी त्यांचा संबंध नसतो. त्यानं डिस्क ० ला, म्हणजे आमच्या कामाच्या डिस्कला, विंडोजची समजून तिची सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, उडवली. शेजारी साइज लिहिलेली असते, तीही वाचली नाही.

संध्याकाळी मी सेल काढून मीटर लावला. १.९ व्होल्ट. हवेत ३.

फोटोरेक या उडालेल्या फायली शोधणाऱ्या प्रोग्रामनं बऱ्याच फायली काढल्या, पण तो नावं परत देत नाही. सगळ्या फायली एफ आणि पुढं लांबलचक आकडा. वहिनी आणि मी रात्री रात्री एकेक कोरल फाईल उघडत बसलो. नुडी आणि श्रीलिपीचे फाँट परत टाकेपर्यंत मंडळांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं. नंदगडची कुठली नि अनगोळची कुठली, हे वहिनी किनारीच्या वेलीवरून ओळखत होत्या.

आता तुमचं. एसएसडी एम-टू स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्याच खाचेत, असेल तर बऱ्याच बोर्डांवर त्या स्लॉटमुळं एखाद-दुसरा साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) बंद पडतो. मॅन्युअलमध्ये कुठला ते दिलेलं असतं. जुन्या डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा, बऱ्याचदा तिथंच संपतं. बायोसच्या सेटिंग पुसल्या असतील तर साटाचा मोड (मशीननं डिस्कशी बोलायची पद्धत) आधी एएचसीआय होता की रेड, तेही बघा; तो बदलला की विंडोज निळा पडदा दाखवतं. डीची एफ झाली त्यात घाबरण्यासारखं काही नाही, डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर बदलता येतं. आणि प्रत्येक पार्टिशनला नाव द्या, 'काम', 'फोटो' असं. लिनक्सवाल्यांनी एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत) एसडीए, एसडीबी अशी डिस्कची नावं न लिहिता यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहावा, कारण तिथंही क्रमाची खात्री नाही.

विंडोज टाकायचंच असेल तर बाकी डिस्कची केबल काढून ठेवा. मी हे दादाला त्याआधी दोन वर्षं सांगत होतो.

दादा आजही म्हणतो, "डिस्कच जुनी होती, कधीतरी जाणारच होती." ती गेलेली नाही. बिलिंगच्या मशीनला लावलीय, स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात) रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेले भाग, शून्य.

एक राहिलं. डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, लगेच बंद करा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.