दोन्ही काठ तुमचे, पण ओढा कोणाचा?

प्रश्न : माझ्या शेतातून ओढा जातो. पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर-ट्रॉली नेता यावी म्हणून तीन सिमेंट पाईप टाकून, वर भराव घालून छोटा पूल करायचा आहे. ठेकेदार म्हणतो, दोन्ही बाजूंची जमीन तुमचीच, मग कोणाला विचारायचं? वरच्या अंगाचा शेतकरी म्हणतो, पूल घातलास तर तहसीलदारांकडे जाईन. पलीकडचे दुसरे शेजारी मात्र निम्मा खर्च द्यायला तयार आहेत, त्यांनाही पूल वापरायचा आहे. पाईप येऊन पडले आहेत. काम सुरू करू का?

उत्तर : नाही. पाईप आहेत तिथेच राहू द्या. काम थांबवल्याने एखादा हंगाम जाईल, पण घातलेला पूल आदेशाने काढावा लागला तर पाईपही जातील आणि शेजाऱ्याशी कायमचं वैर होईल.

ठेकेदाराने फक्त काठांचा विचार केला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांचे तळ आणि वाहतं पाणी ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. कोणाचा खासगी हक्क असेल तर तो त्याने सिद्ध करायचा. म्हणून आधी गावनकाशा आणि गटाचा नकाशा काढा. ओढा गटाच्या बाहेर, स्वतंत्र दाखवला असेल तर शंकाच उरत नाही. तो गटाच्या आतून जात असेल तर सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक न धरलेलं क्षेत्र, पाहा. ‘वर्ग ब’मध्ये, म्हणजे सार्वजनिक वापराच्या पोटखराब्यात असलेला, इतर लोकही पाण्यासाठी वापरतात असा ओढा तुमच्या नावावरच्या क्षेत्रात मोजलेला असला तरी मनाप्रमाणे बुजवता किंवा अडवता येत नाही. आजोबांनी पाणी काढून द्यायला खणलेला चर असेल तर गोष्ट वेगळी. पण तो चर आहे हे तोंडी सांगून भागणार नाही, नकाशा आणि मोजणीतून दिसायला हवं.

परवानगीचा अर्ज तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत सातबारा, नकाशा, पुलाची जागा आणि अभियंत्याने काढलेला आराखडा जोडा. हा ओढा कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येतो आणि त्या विभागाचा अभिप्राय काय, हेही त्याच अर्जात मागा. तलाठ्याचं तोंडी ‘हरकत नाही’ किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ असलेला बरा, पण ओढ्याच्या तळावरचा हक्क त्यातून मिळत नाही. भरतीचं पाणी तुमच्या ओढ्यात शिरत असेल तर मात्र किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतील, आणि तो रस्ता लांबचा आहे.

आता वरच्या शेतकऱ्याकडे वळतो, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. त्याची धमकी पोकळ नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कायदेशीर अधिकाराशिवाय घातलेला आणि नुकसान करणारा किंवा करू शकेल असा अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार, म्हणजेच या कायद्यातले मामलेदार, देऊ शकतात. दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, पण ती मुदत टळली म्हणून तुम्ही सुटत नाही. भारतीय सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीच्या ठरावीक वापराचा हक्क) अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये ओढ्याचं पाणी अडथळ्याविना वाहू देण्याचा हक्क मान्य केलेला आहे, आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते. ‘कायदेशीर अधिकाराशिवाय’ हे शब्द लक्षात घ्या. लेखी परवानगी हातात असणं तुमच्या बचावासाठीही तितकंच गरजेचं आहे.

पाईपची संख्या ठेकेदाराने कशी ठरवली, हे त्याला विचारा. बहुधा उन्हाळ्यातला ओढा पाहून. तुम्ही स्वतः काठाने वर चालत जा आणि बाभळीच्या खालच्या फांद्या बघा. मागच्या पुरात अडकलेलं गवत, चिंध्या, काटक्या वाळून तिथेच लोंबत असतात. पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं. फोटो काढा, तळापासून उंची मोजा आणि अभियंत्याला द्या. पाईपच्या तोंडाशी असाच कचरा साचला की भराव बंधाऱ्यासारखा पाणी तुंबवतो, आणि ते वरच्या शेतात शिरतं. तुम्हाला क्वचितच पलीकडे जायचं असेल तर उंच भरावापेक्षा तळालगतचा बुटका फरशी पूल बरा : पुराचं पाणी वरून निघून जातं, तेवढे दिवस वाहतूक बंद राहते. निर्णय अभियंत्याचा. पण भरलेल्या ट्रॉलीचं वजन त्याला आधीच सांगा, कारण पूल खचून कोणाला इजा झाली तर निष्काळजीपणाची भरपाई तुमच्याकडून मागितली जाईल.

निम्मा खर्च देणाऱ्या शेजाऱ्यांचा प्रस्ताव ऐकायला गोड आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. त्यांना तुमच्या जमिनीतून जाऊ देणं ही आज साधी अनुज्ञा, म्हणजे हक्क न देता दिलेली वापराची परवानगी आहे, आणि अनुज्ञा सहसा काढून घेता येते. पण १८८२ च्याच कायद्याचं कलम ६० सांगतं की अनुज्ञेवर विसंबून त्या माणसाने कायम स्वरूपाचं काम केलं आणि त्यासाठी खर्च सोसला, तर ती मागे घेता येत नाही. पैसे घेतलेत आणि कागद केला नाही, तर उद्या ते हेच कलम पुढे करतील. शिवाय हक्क म्हणून, उघडपणे आणि अखंड वीस वर्षं वापरलेल्या वाटेवर कलम १५ प्रमाणे सुविधाधिकार निर्माण होतो. शेजारी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जमिनी वाटल्या जातात, विकल्या जातात, आणि नवा मालक तुमच्या ओळखीचा नसतो. त्यामुळे एक तर सगळा खर्च तुम्ही करा आणि वापराची परवानगी लेखी द्या, नाहीतर वाटेचा हक्क द्यायचाच आहे हे मनाशी पक्कं करून, रुंदी, वाहनं, दुरुस्तीचा वाटा लिहून दस्त नोंदवा. यातलं काय करायचं ते घरच्यांशी बोलून ठरवा, आणि तोवर त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नका.

अर्ज देण्याआधी वरच्या शेतकऱ्याकडे आराखडा घेऊन जा. पुरात पाणी त्याच्या बांधावर कुठवर येतं, ते त्यालाच दाखवायला सांगा. त्याने सांगितलेली उंची आराखड्यात धरली आणि त्याची लेखी संमती मिळाली, तर ती अर्जाला जोडा. त्याने सही नाकारली तरी तुम्ही कधी गेलात, काय दाखवलंत आणि त्याने कोणती हरकत घेतली, हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा.