उसाच्या रानातला पांढरा थर युरियामुळे येतो का?

तुम्ही विचारलंय की उसाच्या सरीत पांढरा थर दिसायला लागलाय, तो युरिया जास्त पडल्यामुळे का.

युरियावर खापर फोडणं सोपं आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. आमच्या नदीकडच्या दोन एकरांना मीठ फुटलं ते पाण्यानं. कृष्णाकाठची काळी जमीन खोल आणि चिकण, पाणी लवकर खाली सोडत नाही. पाणीपट्टी एकरावर, मोजून नाही. त्यात शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची. मोटर चालू केली की माणूस झोपायला मोकळा, सऱ्या सकाळपर्यंत तुडुंब. आडसाली (पावसाळ्यात लावलेली) लागण १६-१८ महिने उभी, मग लगेच खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. रानाला वाळायला सवडच नाही. भूजल वर चढतं, सोबत विरघळलेले क्षार आणतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. आमच्या विहिरीचं पाणी वर आलं तेव्हा घरात सगळे खूश होते!

युरियाचा दोष वेगळा. ४५ किलोची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, म्हणून हात सैल सुटतो. मोकाट पाण्यात त्यातलं बरंच नत्र नायट्रेट होऊन मुळांखाली निसटतं आणि विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्याचं वाटोळं होतं, पण मीठ त्यानं फुटत नाही.

आधी माती तपासा. विद्युत वाहकता (ईसी, म्हणजे क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर जमीन खारवट. सामू त्याच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर चोपण. जिप्सम सोडियम हटवतं, म्हणून त्याचा उपयोग चोपणाला. आमच्या दुकानदारानं नुसता पांढरा थर बघून गोण्या गळ्यात मारल्या, पैसे मातीत गेले. खारवट रानाला निचराच पाहिजे. आम्ही शेवटी तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप गाडले. खर्चापेक्षा भांडणं जास्त, कारण ओढ्यापर्यंतची वाट दुसऱ्याच्या रानातून जाते. दोन वर्षं त्यातच गेली. आता ढेंचा (खार सोसणारं हिरवळीचं पीक) जोमानं येतो, ऊस अजून पिवळटच.

पाइपातलं खारं पाणी मात्र ओढ्यातून कृष्णेत आणि पुढं कर्नाटकात जातं. तिथं ते काय करतंय, हे बघायला आमच्यातलं कोणी गेलेलं नाही.