जुन्या शिकारी रायफलीवर त्या काळाला शोभेल अशी माशी आणि साइट कशी बसवावी?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहता, आजोबांनी मोझांबिकहून आणलेली ९.३×६२ मॉझर आहे, परवाना तुमच्या नावावर झाला आहे, पुढची माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेम धरायचा खुंट) हरवली आहे आणि मागच्या साइटची घडीची पात (खाच असलेली दुमडती पट्टी) मोडली आहे.

आधी कायद्याचं. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही ‘शस्त्रा’च्या व्याख्येत येतात आणि दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून साइट परस्पर मागवू नका. काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्या. खालचं सगळं त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

काळ ठरवायला नळी दस्त्यातून काढून तिचा खालचा भाग बघा. मुकुटाखाली ‘एन’ अक्षर असेल तर रायफल दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन प्रूफची, म्हणजे नळीच्या चाचणीच्या शिक्क्याची; गरुडाखाली ‘एन’ असेल तर १९४० किंवा नंतरची. पहिल्या प्रकारावर एक स्थिर पात आणि एक-दोन घडीच्या पाती, इंग्रजी व्हीसारखी खाच आणि रुपेरी मण्याची माशी शोभते. पातीवरचे आकडे मीटरचे असायला हवेत. इंग्रजी रायफलीची यार्डांत कोरलेली पात दिसायला सुंदर असते, पण या नळीवर ती उपरीच. लाल-हिरव्या फायबरच्या माशीचा तर विचारही नको.

मण्याचा व्यास १.६ मिमी पुरे, २.४ मिमीचा मणी संध्याकाळी चटकन दिसतो, पण लांबचं लक्ष्य झाकतो. नेमबाजाकडची बाजू सपाट हवी. गोल, चकचकीत मण्यावर उजेडाच्या बाजूलाच चमक येते, डोळा तिलाच मणी समजतो आणि गोळी उजेडाच्या उलट बाजूला जाते. मूळ मणी हस्तिदंती असला तरी नवा हस्तिदंताचा करू नका, त्या व्यापारावर बंदी आहे. म्हशीचं हाड घासून लावलं तरी चालतं.

आता मापं. माशी ज्या तिरक्या खाचेत सरकते तिची तळाची रुंदी, खोली आणि कोन व्हर्नियरने मोजा. सगळीकडे ६० अंश धरून चालू नका, युरोपीय खाचा वेगळ्या निघतात. माशी अंगठ्याच्या दाबाने तिसरा हिस्सा आत गेली पाहिजे, उरलेली पितळी पंच आणि हलक्या हातोडीने. घट्ट होत असेल तर कानस माशीच्या बुडाला लावायची, नळीवरच्या खाचेला कधीच नाही: माशी दुसरी मिळेल, खाच नाही. सैल असेल तर खाली ०.०५ मिमीचा पितळी पत्रा घाला. नळीवर नवीन भोकं पाडायला सांगणाऱ्याकडून रायफल परत घेऊन या.

माशी ज्यावर बसते तो नळीवरचा उंचवटाच सुटला असेल तर तो कथील-शिशाच्या डाखाने बसवतात. हा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो, तेवढ्याने नळीच्या पोलादाला काही होत नाही. पितळी झाळ मात्र नको. ती लालभडक तापवावी लागते आणि तोंडाजवळची नळी वाकडी होऊ शकते. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नेमका तोच सल्ला मिळतो. डाखानंतर तेजाबाचा अंश खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात उंचवट्याखालून गंज सरकत जातो. रंगासाठी गरम कॉस्टिक क्षारांची टाकी वर्ज्य, ती डाख खाऊन टाकते. हळूहळू गंज चढवून उकळत्या पाण्यात काळा करायची जुनी पद्धतच इथे बरोबर. जुलैच्या दमट हवेत तो गंज फार लवकर चढतो, म्हणून दर तासाला बघा, नाहीतर खड्डे पडतात.

माशी मुद्दाम उंच घ्या. उंच माशीने गोळी खाली लागते आणि कानशीने कमी करत वर आणता येते. उलटं शक्य नाही. किती कमी करायची त्याचा हिशेब: माशी आणि मागची साइट यांच्यातलं अंतर गुणिले गोळीची चूक, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं मिमीमध्ये. साइटमधलं अंतर ४८० मिमी, ५० मीटरवर गोळी १२ सेंमी खाली लागत असेल तर ४८० × १२० ÷ ५०,००० = १.१५ मिमी. त्यातले ०.९ काढा, पुन्हा झाडून बघा, मगच उरलेलं. मणी वर असल्याने घासायचं ते बुडाकडून, किंवा कमी उंचीची दुसरी माशी घ्यायची. मण्याचा माथा घासलात तर तो अर्धचंद्र होतो. डावी-उजवी चूक माशी सरकवून काढा, पण माशी गोळीच्या चुकीच्या दिशेनेच सरकते: गोळी डावीकडे लागत असेल तर माशीही डावीकडे.

चाचणी परवानगी असलेल्या रेंजवरच, आणि पुढे जी काडतुसं वापरणार त्यांनीच. या बोअरची जुनी नेहमीची गोळी २८५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १८.५ ग्रॅमची. वजन बदललं की पातीवरचे आकडे खोटे ठरतात. मोडलेल्या घडीच्या पातीला घाई नाही. १०० मीटरची स्थिर पात शाबूत असेल तर बिजागरीची पिन आणि स्प्रिंग तेल लावून जपून ठेवा आणि नवी पात मूळ तुकड्यावरूनच कापून घ्या.