‘आशियाई’वर खूण करू की नको?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा पब्लिक स्कूलमध्ये अकरावीत आहे, पुढच्या वर्षी कॉलेजांचे अर्ज भरायचे आहेत. ओळखीचे लोक सांगतात, वंशाच्या रकान्यात ‘आशियाई’वर खूण करू नका, बुद्धिबळ आणि मराठी शाळा गाळा, नाहीतर अर्ज फार ‘इंडियन’ दिसतो. शिवाय एपीच्या (शाळेतच घेतल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) वर्गांत कृष्णवर्णीय मुलं जेमतेम एक-दोन आहेत हे मुलाला खटकतं आणि त्याला त्यावर काही करायचं आहे. त्याचं नुकसान तर होणार नाही ना, असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

आधी रकान्याचं मिटवू. 29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत निकाल दिला आणि प्रवेशासाठी वंश हा निकष धरणं बंद झालं. त्या वर्षापासून कॉमन ॲपवरचं (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायच्या ऑनलाइन फॉर्मवरचं) हे उत्तर प्रवेश समितीला दिसणार नाही अशी सोय कॉलेजांना मिळाली आहे. प्रश्न ऐच्छिक आहे, आणि आडनाव तर कुठे लपत नाही. खरं ते भरा आणि पुढे चला.

लोकांची भीती अगदीच निराधार नव्हती. हार्वर्डच्या खटल्यात उघड झालेल्या आकड्यांत आशियाई अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने कमी मिळत होते. पण म्हणून आता आपल्या मुलांना रान मोकळं झालं, असंही समजू नका. 2024 साली एमआयटीत दाखल झालेल्या वर्गात आशियाईंचा वाटा 40 वरून 47 टक्क्यांवर गेला आणि कृष्णवर्णीयांचा 13 वरून 5 वर आला. त्याच वर्षी येल आणि प्रिन्स्टनमध्ये मात्र आशियाईंचा वाटा घटला. एका निकालावरून आपल्या मुलाचं गणित मांडता येत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेज स्वतःच जाहीर करतं ती ठरावीक नमुन्यातली माहिती) शोधून त्यातला सी-7 हा तक्ता वाचा. कोणत्या गोष्टीला किती वजन देतात ते तिथे कॉलेजनेच लिहिलेलं असतं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं का, तेही तिथे कळतं. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्टमध्ये ते मिळत नाही. जिथे मिळतं, तिथे आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांची मुलं आणि कृष्णवर्णीय मुलं एकाच बाजूला उभी असतात.

मराठी शाळा आणि बुद्धिबळ गाळू नका. निबंधात स्वतःच्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे लिहायला न्यायालयाने मनाई केलेली नाही. मात्र त्यातून त्या मुलाचा स्वभाव किंवा कुवत दिसली पाहिजे. मुख्य निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे. आपल्याकडची मुलं बहुतेक इथेच घसरतात: आजोबांचं गाव, आई-बाबांचा व्हिसा आणि पहिली नोकरी यांत 400 शब्द जातात आणि स्वतःबद्दल बोलायला जागा उरत नाही. तो मराठी शाळेत लहान मुलांना शिकवत असेल, तर एका रविवारी वर्गात काय अडलं आणि त्याने काय बदललं, एवढ्यावरच लिहू दे.

आता त्याचा स्वतःचा प्रश्न. माझ्या मते पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. बारावीतल्या कॅल्क्युलसच्या वर्गात कोण बसणार, हे बरंचसं आठवीतच ठरतं. आठवीत अल्जिब्रा-1 घेतलं, तर नववीत जिऑमेट्री, दहावीत अल्जिब्रा-2, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. अल्जिब्रा-1 नववीत सुरू झालं, तर नेहमीच्या क्रमाने बारावी प्रीकॅल्क्युलसवरच संपते. वरच्या वर्गासाठी शिक्षकाची शिफारस किंवा पालकांचा आग्रह लागत असेल, तर ज्यांच्या घरी हा क्रम कुणाला ठाऊक नाही ती मुलं चांगले गुण असूनही मागे पडतात. म्हणूनच नॉर्थ कॅरोलायनाने 2018 मध्ये आणि टेक्सासने 2023 मध्ये कायदा केला. टेक्सासमध्ये पाचवीच्या परीक्षेत गणितात वरच्या 40 टक्क्यांत आलेल्या मुलाला सहावीत प्रगत गणितात आपोआप घालतात. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. नियम गुणांवर चालतो, वंशाचा त्यात उल्लेखही नाही. त्यामुळे सध्याच्या वातावरणातही अशी मागणी टिकते.

त्याने आधी फेडरल शिक्षण खात्याच्या ‘सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन’मध्ये आपल्या शाळेचे एपी प्रवेशाचे वंशवार आकडे पाहावेत. ते काही वर्षं जुने असतात. ताज्यासाठी न्यू जर्सीच्या ओपीआरए (सरकारी नोंदी मागण्याच्या, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारख्या) कायद्याखाली स्कूल डिस्ट्रिक्टकडे अर्ज करावा. सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर यावं लागतं. नावं मागू नयेत, फक्त संख्या मागाव्यात. फार लहान गटांचे आकडे ओळख उघड होऊ नये म्हणून झाकतात, तेव्हा तीन वर्षांची बेरीज मागावी. मग गाइडन्स कौन्सेलरला विचारावं, पीएसएटी या सराव-परीक्षेच्या गुणांवरून निघणारी ‘एपी पोटेन्शियल’ यादी, म्हणजे एपी झेपेल अशा मुलांची यादी, शाळा वापरते का? त्या यादीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी पत्र जावं, एवढीच मागणी पुरेशी आहे. स्कूल बोर्डाच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. तिथे दोन-तीन मिनिटांत आकडे आणि ही एक मागणी मांडावी.

एक धोका आहे. त्या एक-दोन कृष्णवर्णीय मुलांना न विचारता त्यांच्या वतीने बोलणं त्यांना अपमानास्पद वाटू शकतं. आधी त्यांच्याशी बोलावं, आणि त्यांची इच्छा असेल तर बोर्डापुढे आधी त्यांनीच बोलावं.

नुकसान नाही होणार, ताई. अर्जात दहा उपक्रम मांडता येतात, प्रत्येकाला 150 अक्षरं; तिथे ‘जनजागृती’ न लिहिता काय मागितलं आणि काय बदललं ते लिहावं. बहुतेक शाळांत पुढच्या वर्षाची विषयनिवड जानेवारी-फेब्रुवारीत होते, म्हणून ओपीआरएचा अर्ज नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधी जायला हवा.