2030 नंतर माझ्या नोकरीचं काय?

पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, अर्थशास्त्र घेतलंय. घरी आम्ही तेलुगू बोलतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आई घरी बिड्या वळते. कॉलेजात संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांवर, म्हणजे गरिबी, आरोग्य, रोजगार अशा बाबतींत जगातल्या देशांनी ठरवलेल्या ध्येयांवर, कार्यशाळा झाली, तेव्हापासून संयुक्त राष्ट्रांतच काम करायचं डोक्यात आहे. मामा म्हणतात, बी.एड. कर, असल्या गोष्टींनी पोट भरत नाही. शिवाय उद्दिष्टांची मुदत 2030 ला संपते. माझं शिक्षण होईपर्यंत काम उरेल का?
ता. क. कार्यशाळेत पाहुण्यांनी तंबाखूच्या दुष्परिणामांवर बोलायला सुरुवात केली तेव्हा आई काय करते हे सांगायची मला लाज वाटली. (नाव छापू नये.)

उत्तर : तुझ्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तू ताजा कलमात टाकलास. त्याच्याकडे येतेच, आधी मुदतीचं बोलू.

2000 साली जगातल्या देशांनी अशीच आठ उद्दिष्टं ठरवली होती, मुदत 2015. मुदत संपली, गरिबी संपली नाही. मग सप्टेंबर 2015 मध्ये 193 देशांनी 17 उद्दिष्टं आणि त्यांच्या पोटातली 169 लक्ष्यं मान्य केली. पहिलंच उद्दिष्ट गरिबी संपवण्याचं. 2030 नंतरही काही तरी येईल, त्याचं नाव आज कुणाला माहीत नाही. तुझं पोट त्या नावावर अवलंबून ठेवू नकोस, एवढंच.

आता संयुक्त राष्ट्रं. तिथे तरुणांसाठी एक परीक्षा असते. वय 32 पर्यंत, किमान पदवी, इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम, आणि त्या वर्षीच्या यादीत आपल्या देशाचं नाव असावं लागतं. ही शेवटची अट तुझ्या हातात नाही. न्यूयॉर्कच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च आपला. तुझ्या घरच्या परिस्थितीत मी तो रस्ता सुचवणार नाही. बाकीच्या बहुतेक जागांना पदव्युत्तर पदवी आणि कामाचा अनुभव लागतो. तेव्हा संयुक्त राष्ट्रं ही तुझी पहिली नोकरी नसणार. दुसरी, तिसरी असू शकेल.

पहिली कुठली, हे सांगण्याआधी तुझ्या आईकडे येते.

त्या 169 लक्ष्यांपैकी एक, आरोग्याच्या उद्दिष्टाखालचं, तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराची अंमलबजावणी वाढवा असं सांगतं. भारताने तो करार 2004 मध्येच मान्य केलाय. म्हणजे बिडी कमी व्हावी हे उद्दिष्ट. त्याच यादीत आठवं उद्दिष्ट चांगल्या रोजगाराचं आणि पहिलं गरिबीचं. तुझ्या घरात ही तिन्ही एकाच सुपात बसली आहेत. पाहुण्यांनी भिंतीवर 17 रंगीत चौकोन दाखवले असतील. त्यातले दोन चौकोन एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा काय करायचं, हे बहुधा कुणी सांगितलं नसेल. त्याच कराराच्या सतराव्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना परवडेल असा पर्याय द्यावा, असं लिहिलंय. सोलापुरात तो पर्याय कोणता? पन्नाशीची बाई, घर सोडून जाता येत नाही, हजार बिड्यांमागे ठरलेल्या दराने काम करते, तिला शिलाई मशीन दिलं की झालं? यावर नेमकं बोलू शकणारी माणसं फार थोडी आहेत. लाज सोड. त्या खोलीत या विषयाची सर्वांत जाणकार तूच होतीस.

दुसरी गोष्ट मोजण्याची. नीती आयोग 12 निकषांवर गरिबी मोजतो: पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी वगैरे. त्या मोजणीनुसार 2015-16 मध्ये देशातले 24.85 टक्के लोक गरीब होते, 2019-21 मध्ये 14.96. घट मोठी आहे, खोटी नाही. पण पाण्याचा निकष काय विचारतो? पाण्याची सोय सुरक्षित आहे का आणि ती जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत आहे का. घरात नळ असला की तुम्ही पास. त्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हा प्रश्न त्या रकान्यात बसतच नाही. पाणी आलं की घागरी, बादल्या, पिंप भरायची धांदल सोलापूरच्या मुलीला वेगळी सांगायला नको. रकाने ठरवणाऱ्या टेबलावर अशी मुलगी हवी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा सल्ला एका शब्दाचा आहे: संख्याशास्त्र. मुख्य विषयाच्या जोडीला मायनर म्हणून ते घेता येतं का, हे सोमवारीच कॉलेजात विचार. गणित सुटलं असेल तर दहावीपासून पुन्हा कर, त्यात कमीपणा नाही. पदवीला संख्याशास्त्र विषय असेल तर यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेचा दरवाजा उघडतो. अर्थशास्त्रात एम.ए. केलंस तर भारतीय आर्थिक सेवेचा. राज्य सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. मामांना ही नावं ऐकव, सरकारी नोकरी म्हटल्यावर त्यांचा सूर बदलेल.

पुढच्या शिक्षणासाठी लांब बघायचं कारण नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचं एक आवार तुळजापूरला आहे, एसटीने तासाभराची वाट. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था तर गरिबी मोजण्याच्या विषयाचं माहेरच. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 उष्मांकांच्या आधारे देशाची दारिद्र्यरेषा मांडली ती तिथेच, आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली तीही तिथूनच. ती ग्रंथालयात मिळाली तर नक्की वाच, आपलीच पेठ परक्या नजरेने बघायला मिळेल.

बी.एड. वाईट नाही. पण ते पदवीनंतरही करता येतं, तेव्हा आज भांडण कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. तुमच्या बोळातली वीस घरं घे आणि तेलुगूतच बोल. दिवसाला किती बिड्या, दर काय, नापास म्हणून किती काढल्या जातात, पानं भिजवण्यापासून दोरा बांधेपर्यंत किती तास जातात, पाणी कधी येतं, हे एका वहीत उतर. नावं लिहू नकोस, कारखानदाराचंही नको. ती वही तुझ्या अर्जाला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जड जाईल.

पैशांचं तू विचारलं नाहीस, मी सांगते. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. त्यासाठी आईचं बिडी कामगार ओळखपत्र लागेल. ते कपाटात नेमकं कुठे आहे, आज रात्रीच बघून ठेव.