एकच वस्तू एका देशात महाग आणि दुसऱ्यात स्वस्त का?

तुम्ही विचारलंय की एकच वस्तू दोन देशांत वेगळ्या किमतीला का मिळते, आणि कर व वाहतूक एवढंच त्याचं कारण आहे का. कर हे मोठं कारण आहेच, म्हणून तो आधी वजा करून बघावा. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ अमेरिकेत ७९९ डॉलरपासून होता, आपल्याकडे ७९,९०० रुपयांपासून. तेव्हाच्या साधारण ८४ रुपयांच्या दराने ७९९ डॉलर म्हणजे ६७,१०० रुपये. पण अमेरिकेतली छापील किंमत विक्रीकर सोडून असते आणि आपली १८ टक्के जीएसटी धरून. ६७,१०० वर १८ टक्के चढवले की ७९,२०० च्या आसपास येतात. म्हणजे फरक जवळजवळ मिटलाच.

पुस्तकांचं मात्र तसं नाही. इंजिनिअरिंगची परदेशी पाठ्यपुस्तकं आपण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काही शे रुपयांत घेतो, तीच अमेरिकेत शंभर डॉलरच्या वर जातात. मजकूर बहुतेक तोच, कागद जरा हलका, आणि मुखपृष्ठावर ठळक सूचना: विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश वगैरे देशांत. ही सूचनाच सगळं सांगते. इथल्या विद्यार्थ्याला परवडेल ती किंमत इथे, तिथल्याला झेपेल ती तिथे, आणि मध्ये कुंपण.

सुपाप कर्टसेंग हा थाई विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. घरच्यांकडून थायलंडमधली स्वस्त पुस्तकं मागवून तो तिथे विकायचा. वायली प्रकाशनाने खटला भरला, खालच्या कोर्टात त्याच्यावर सहा लाख डॉलरची नुकसानभरपाई बसली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला: कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकत घेतली की ती पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचा.

पुस्तकांच्या बाबतीत मला हा निकाल पटतो. औषधांच्या बाबतीत मात्र ते कुंपण राहावं असं मला मनापासून वाटतं. हेपटायटिस सी वरचं सोफोसबुविर अमेरिकेत बारा आठवड्यांना ८४,००० डॉलरला आलं, इजिप्तला ते ९०० डॉलरला मिळालं. जगभर एकच किंमत ठेवायची सक्ती केली, तर कंपनी ९०० ची निवड करणार नाही.